चारशे बारा पावलं : एका मंडळीच्या मदतपेटीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गोव्यातल्या मुरगाव तालुक्यातली आमची मराठी ख्रिस्ती मंडळी लहान आहे. पस्तीस-चाळीस घरं. कुणी मिरजेकडचं, कुणी नगरचं, कुणी कोल्हापूर-बेळगावचं. आधी बंदरात आणि रेल्वेत नोकरीला आलेली माणसं, मग त्यांच्या ओळखीनं हॉटेलांत स्वयंपाकाला, घरकामाला, बांधकामावर आलेली. रविवारी चार वाजता भाड्याच्या हॉलमध्ये उपासना असते आणि बुधवारी कुणाच्या तरी घरी शास्त्राभ्यास, म्हणजे बायबलचा अभ्यास. बुधवारचा अभ्यास मी घेते. मराठी प्राथमिक शाळेत बरीच वर्षं शिकवलं, म्हणून लहानथोर सगळे मला ‘बाई’च म्हणतात. मंडळीला विचारून हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मंडळीची एक मदतपेटी आहे. घरटी महिन्याला शंभर रुपये, ज्याला जमेल त्यानं जास्त. आजारपण, मयत, शाळेची फी, पावसात घराची पडझड, अशा वेळी त्यातून द्यायचं. पेटी सांभाळायचे दादा. रेल्वेतून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले, मंडळीतले सगळ्यात जुने वडील, म्हणजे ज्येष्ठ पुढारी. २०२० च्या टाळेबंदीत हॉटेलं बंद पडली आणि आमच्यातली निम्मी माणसं एका रात्रीत बिनपगारी झाली. तेव्हा दादांनी स्कूटरच्या पुढे तांदळाची पिशवी ठेवून सड्यापासून झुआरीनगरपर्यंत घरोघर शिधा पोचवला. ते नसते तर काही चुली पेटल्या नसत्या. मी पुढे काहीही लिहिलं तरी हे वाचणाऱ्यानं विसरू नये.

त्या दिवसांपासून पेटी, वही आणि बँकेचं पासबुक दादांकडेच राहिलं. निळ्या पुठ्ठ्याची लांब वही, रबरबँड लावलेली, त्यांच्या कापडी पिशवीत असायची. पंचकमिटीचा नियम असा होता की तीन पंचांनी वर्षातून एकदा हिशेब बघायचा. त्या तिघांत मी होते. आम्ही वही एकदाही उघडली नाही. “दादांना काय विचारायचं?” असं आम्ही एकमेकांना म्हणायचो आणि त्याला आदर समजायचो.

अक्का उभी राहिली

अक्का बेळगावच्या पलीकडची. घरी कानडी, बाहेर मोडकी मराठी आणि कामापुरती कोंकणी. हॉटेलात भाजी चिरते, भांडी घासते. नवरा गेल्यावर मुलाला घेऊन मंडळीत यायला लागली आणि कायम शेवटच्या रांगेत बसायची. दर महिन्याचे शंभर रुपये मात्र कधी चुकवले नाहीत.

त्या वर्षी मृगाच्या पहिल्याच वाऱ्यात तिच्या खोलीचे दोन पत्रे उडाले. तिनं दादांना तीनदा सांगितलं. एकदा शेजारणीकरवी निरोप धाडला, एकदा उपासना संपल्यावर गर्दीत सांगितलं, एकदा फोन केला. फोनवर तिचं बोलणं दादांना नीट कळलंच नाही. त्याच दोन महिन्यांत दादांच्या गावाकडच्या एका कुटुंबाला पेटीतून दोनदा मदत मिळाली, एकदा दवाखान्यासाठी आणि एकदा फीसाठी. दोन्ही गरजा खऱ्या होत्या.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी साक्षीच्या वेळी, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायच्या वेळी, अक्का उभी राहिली. ती साक्ष द्यायला कधीच उभी राहत नसे. तिनं पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि म्हणाली, “पेटीत माझं हात जातंय. पेटीतलं हात माझ्याकडं येत नाही.” आणि बसली. हॉलच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. हार्मोनियम वाजवणाऱ्यानं काय करावं न सुचून गीत सुरू केलं आणि आम्ही सगळे ते म्हणायला लागलो. तिचं बोलणं आम्ही गीतानं झाकलं. त्या दिवसातलं मला सगळ्यात जास्त लागतं ते हेच.

रात्री मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका तरुणानं दादांचं नाव न घेता ‘चोर’ असा शब्द लिहिला. सकाळी दादा पंचांपैकी एकाच्या घरी आले. टॉवेलात गुंडाळलेली वही, पासबुक आणि पेटीची किल्ली ओट्यावर ठेवली. “माझं झालं. सलाम,” एवढंच म्हणून निघून गेले.

बुधवारी माझ्या घरी

त्या बुधवारी अभ्यासाला एरवी आठ-दहा येतात तिथे वीसेक माणसं आली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत बसली होती. अक्का आली नाही, दादाही नाहीत.

तरुण मुलांचं म्हणणं, दादांना पंचकमिटीतून काढा आणि रविवारी सगळ्यांसमोर जाब विचारा. त्यांनी दाविद राजाला त्याचा अपराध सांगणाऱ्या नाथान संदेष्ट्याची गोष्ट काढली. राजा असो की कोण, ‘तो मनुष्य तूच आहेस’ असं तोंडावर सांगायलाच हवं. जुन्या माणसांचं म्हणणं, अक्काला पत्र्यांचे पैसे गुपचूप द्या, दादांची समजूत काढा, विषय मिटवा. त्यांनी स्तोत्र १०५ मधलं वचन काढलं, ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’.

हे वचन पुढाऱ्यांच्या बचावासाठी वापरलेलं मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्या दिवशी आम्ही आधीच्या तीन ओळींपासून वाचलं. तिथे अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्या घराण्याची गोष्ट आहे. ते संख्येनं थोडे होते, परक्या देशात उपरे होते, एका राज्यातून दुसऱ्यात भटकत होते. देवानं राजांना दटावलं ते या उपऱ्यांसाठी. म्हणजे हे वचन राजाला प्रजेपासून वाचवत नाही, परक्या मुलखात पोट भरायला आलेल्यांना राजापासून वाचवतं. खोलीत बसलेले आम्ही सगळे तसेच गोव्यात आलेलो. आणि आमच्यात आणखी एक उपरी होती, जी त्या खोलीत नव्हती.

तिसरा पर्याय निघाला, पेटी पाळकसाहेबांकडे, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंकडे द्यावी. ते महिन्यातून दोनदा बाहेरगावाहून येतात. फोनवर विचारलं तर लगेच म्हणाले, “बाई, माझा दुसरा दादा करू नका.” त्यांचं ते वाक्य पुढे फार उपयोगी पडलं.

मग मामा बोलले. हे तिसवाडीतल्या एका बेटावरचे, खाजन शेतीच्या घरातले, बायकोमुळे मंडळीत आलेले, मोजकं बोलणारे. खाजन म्हणजे खाडीच्या पाण्याला बांध घालून मिळवलेली शेतजमीन. बांधाला मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारी दारांची चौकट असते. भरतीला तिची दारं पाण्याच्या दाबानं आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात, आणि आतलं कोरगुट भात खाऱ्या पाण्यापासून वाचतं. मामा म्हणाले, “बांध लाटेनं फुटत नाही. कुर्लीच्या, खेकड्याच्या बिळानं फुटतो. बीळ दिसलं की ज्याला दिसलं त्यानं तिथंच चिखल भरायचा. हे शेत कुणाचं, हे काम कुणाचं, असं विचारत बसला तर पुढच्या पुनवेच्या भरतीला सगळ्यांच्या शेतात खारं पाणी.” गावकरीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या संस्थेच्या उत्पन्नातून आधी बांधाचा खर्च निघायचा आणि उरेल त्यातून गावकारांना, तिच्या सभासदांना, झोण म्हणजे वाटा मिळायचा, हेही त्यांनी सांगितलं.

कुणीतरी विचारलं, “मग इथे बीळ कुणाला दिसलं होतं?”

अंतर मोजणं

उत्तर मला ठाऊक होतं, पण त्या रात्री मी ते दिलं नाही. मी बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा एकविसावा अध्याय उघडला. रानात कुणाचा तरी खून झालेला सापडतो, मारेकरी कळत नाही. तेव्हा वडील आणि न्यायाधीश बाहेर पडतात आणि प्रेतापासून आजूबाजूच्या गावांपर्यंतचं अंतर मोजतात. जे गाव सगळ्यात जवळ, त्या गावच्या वडिलांनी जूं न ठेवलेली कालवड वाहत्या ओढ्याच्या, नांगर न लागलेल्या खोऱ्यात न्यायची, तिथे तिची मान मोडायची, तिच्यावर हात धुवायचे आणि म्हणायचं की आमच्या हातांनी हे रक्त सांडलं नाही, आमच्या डोळ्यांनी ते पाहिलं नाही.

एका मावशीनं विचारलं, “बाई, इथे कुणी मेलंय का? हे कशाला वाचायचं?” प्रश्न रास्त होता. मला त्यातलं मोजणं हवं होतं. मारेकरी सापडला नाही म्हणून गाव सुटत नाही. दोषी कोण हे न ठरताही जवळ कोण होतं हे ठरवता येतं, आणि जवळच्यांना बाहेर येऊन सगळ्यांसमोर बोलावं लागतं. ‘दादा दोषी की निर्दोष’ याच वादात आम्ही अडकलो होतो, त्यातून बाहेर पडायची वाट मला तिथे दिसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी छत्री घेऊन मी माझ्या दारापासून अक्काच्या खोलीपर्यंत पावलं मोजत गेले. गटारावरच्या फरशा, पिंपळाचा पार, चक्कीवाल्याचं दुकान, मग डावीकडे चिंचोळी पायवाट. चारशे बारा पावलं. खोलीच्या उडालेल्या कोपऱ्यावर निळी ताडपत्री होती, तिच्यावर दगडाऐवजी पाण्यानं भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या सुतळीनं बांधून लटकवल्या होत्या. ती ताडपत्री मी दोन महिने बसच्या खिडकीतून रोज पाहिली होती. कुणाची खोली आहे हेही मला माहीत होतं. पत्रे उडाले की दादा बघतील, असं मनात येऊन मी पुढे जात होते. वडिलांनी म्हणायच्या त्या दोन वाक्यांतलं पहिलं मी कदाचित म्हणू शकले असते. दुसरं म्हणता आलं नसतं.

अक्कानं चहा केला. तिला मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

वहीत काय निघालं

त्या आठवड्यात आम्ही तिघं पंच ट्यूबलाइटखाली वही घेऊन बसलो. पैशाची अफरातफर नव्हती. एक रुपयाही नाही. उलट सहा ठिकाणी दादांनी बारीक अक्षरात ‘स्वतःचे’ असं लिहून आपल्या पेन्शनमधले पैसे घातले होते. हे पाहून आमच्यातला एक पंच रडला.

पण नावं एका खाली एक लिहून काढली तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. मदत मिळालेली घरं बहुतेक पुढच्या रांगांतली होती. ज्यांच्याकडे दादांचा नंबर होता, जे त्यांच्याशी मोकळं बोलू शकत होते, ज्यांच्या गावाची नावं त्यांना माहीत होती. अक्कासारखी आणखी तीन घरं सापडली, ज्यांनी मागितलं आणि मिळालं नाही. तिन्ही घरांत मराठी ही घरची भाषा नाही. दादांनी कुणाला मुद्दाम डावललं नव्हतं. जे कानावर पडलं ते त्यांनी केलं, आणि एका माणसाच्या कानावर किती पडणार?

निर्गम १८ मध्ये मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसतो आणि लोक त्याच्याभोवती ताटकळत उभे असतात. त्याचा सासरा इथ्रो, मिद्यानाचा याजक, त्याला सांगतो की तू करतोस हे बरं नाही, तूही झिजशील आणि हे लोकही झिजतील. मोशे लबाड आहे असं इथ्रो म्हणत नाही. प्रामाणिक माणसाच्या हातूनही रांगेतले शेवटचे लोक तसेच राहतात, एवढंच तो दाखवतो. आणि ते दिसलं बाहेरून आलेल्या पाहुण्याला. आतल्यांना सवय झाली होती.

निर्णय कसा झाला

सगळ्यात जास्त वाद एका प्रश्नावर झाला. नवी समिती कुणाची? एक यादी तयार होती, चारही जण शिकलेले, बँकेची कामं येणारे, पुढच्या रांगांतले. ती यादी रविवारी वाचली जाणार होती.

शनिवारी रात्री मी प्रेषितांची कृत्ये ६ पुन्हा वाचलं. यरुशलेमेत ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटपात राहून जात होत्या, कुरकुर झाली. प्रेषितांनी सगळ्या शिष्यांना बोलावून सात माणसं निवडायला सांगितली. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या नावांच्या हाती वाटप गेलं. हे मी कितीतरी वेळा शिकवलं होतं, पण नावांकडे अशा नजरेनं पाहिलं नव्हतं.

रविवारी यादी थांबवली. त्यावरून बोलाचाली झाली, एकानं मला “बाई, तुम्ही घोळ घालता” असंही सुनावलं. शेवटी चौघं ठरली, त्यात दोन शेवटच्या रांगांतली. अक्का त्यातली एक. तिला मराठी नीट लिहिता येत नाही, म्हणून ती कानडीत लिहिते आणि तिचा मुलगा वाचून दाखवतो.

बाकीचं पटकन सांगते. खात्यावर दोघांच्या सह्या. घरं वस्तीप्रमाणे वाटली, एकेकाकडे साधारण दहा. यरुशलेमेचा पडलेला तट पुन्हा उभारताना ज्यानं त्यानं आपल्या घरासमोरचा भाग बांधला तो नहेम्या ३ मधला प्रकार. त्याच अध्यायात तकोवाच्या सरदारांनी कामाला मान लावली नाही अशी नोंद आहे, आणि तरी तकोवाच्या साध्या लोकांनी पुढे तटाचा आणखी एक भाग उचलला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जमाखर्च वाचायचा. पौल यरुशलेमेसाठी गोळा झालेली मदत नेताना मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतो, कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून (२ करिंथ ८). मदत घेणाऱ्यांची नावं वाचायची नाहीत, कारण आणि रक्कम तेवढी वाचायची. ही सूचना अक्कानं केली.

दादांकडे

दादा सहा रविवार आले नाहीत. मी आणि मामा त्यांच्याकडे गेलो. वहिनींनी पाणी दिलं. दादा खुर्चीतून उठले नाहीत.

मी शमुवेलाची गोष्ट काढली. म्हातारा झालेला शमुवेल कारभार सोडताना लोकांसमोर उभा राहतो आणि विचारतो, मी कुणाचा बैल घेतला, कुणाचं गाढव घेतलं, कुणाकडून लाच घेतली, सांगा, मी परत करतो. लोक म्हणतात, तू काही घेतलं नाहीस. आणि याला देवाला साक्षी ठेवलं जातं (१ शमुवेल १२). मी दादांना म्हटलं, “हे आरोपीचं बोलणं नाही. प्रामाणिक माणसाचा हा हक्क आहे. आम्ही दरवर्षी वही बघितली असती तर दरवर्षी तुम्हाला हे ऐकायला मिळालं असतं. आम्ही बघितली नाही, म्हणून एका पोरानं ‘चोर’ लिहिलं तेव्हा तुमच्या बाजूनं ठेवायला आमच्याकडे एक कागद नव्हता.”

दादा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तिचा फोन आला तेव्हा मी मामलेदार कचेरीत रांगेत होतो. कळलं नाही काय म्हणते ते. परत लावायला हवा होता.”

नहेम्या सावकारांना सुनावतो तेव्हा म्हणतो की मी आणि माझी माणसंही कर्जानं पैसा आणि धान्य देत आहोत, आता हे सोडू या. राज्यपाल असून तो बोटं दाखवताना स्वतःला वगळत नाही. दादांनी त्या क्षणी जे केलं ते मला त्याच तोलाचं वाटलं.

पुढच्या रविवारी दादा आले. सगळी वही त्यांनी स्वतः वाचली, पहिल्या पानापासून. पाऊण तास लागला. ‘स्वतःचे’ हे शब्द आले तिथे ते गाळून पुढे जात होते. शेजारी बसलेल्या पंचानं ते मोठ्यानं वाचले.

काय झालं, काय नाही

अक्काच्या खोलीला सप्टेंबरात नवे पत्रे लागले. राहिलेल्या तिन्ही घरांना त्यांचं मिळालं. सुरुवातीचे दोन महिने पेटीत पैसे कमी आले, नंतर पूर्वीपेक्षा थोडे वाढले. एक कुटुंब मंडळी सोडून गेलं, त्यांचं म्हणणं दादांचा अपमान झाला. दादा आता नव्या चौघांना बँकेची कामं शिकवतात, पण पूर्वीसारखे उपासनेनंतर हॉलच्या दारात उभे राहून सगळ्यांशी हात मिळवत नाहीत. ते दार रिकामं दिसतं.

ज्या तरुणानं ‘चोर’ लिहिलं त्यानं मेसेज पुसला. माफी मागितली नाही. आम्ही मागायला लावली नाही आणि त्याबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. मला वाटतं, लावायला हवी होती. लेवीय १९ म्हणतं की न्याय करताना गरिबाची तरफदारी करू नका आणि थोराचा मुलाहिजाही करू नका. अक्काची बाजू खरी होती, म्हणून दादांवरचा खोटा शब्द माफ होत नाही.

पुन्हा करायचं झालं तर

अक्का बोलली त्याच संध्याकाळी तिच्या घरी जाईन. आम्ही आधी बैठक घेतली, मग शास्त्र उघडलं, मग मी तिच्या दारी गेले. गीत सुरू झालं तेव्हा एक जण जरी उठून तिच्या शेजारी जाऊन बसला असता, तर रात्रीचा तो मेसेज कदाचित लिहिलाच गेला नसता.

वही दादा टॉवेलात गुंडाळून देईपर्यंत थांबायला नको होतं. प्रामाणिक माणसाचा हिशेब बघणं त्याला आवडतं, हे आम्हाला उशिरा कळलं. आणि भाषेची अडचण आम्ही भाषेची अडचण म्हणून पाहिलीच नाही. मंडळीत कानडी कळणारी पाच माणसं आहेत. त्यांपैकी एकालाही कुणी दुभाषा हो म्हणून सांगितलं नव्हतं.

एक प्रश्न अजून चौघांपुढे आहे. अक्कानं आपल्या वाट्याच्या दहा घरांची यादी दिली, तिच्यात तीन घरं मंडळीची नाहीत. एक कॅथलिक, एक हिंदू, एक मुसलमान. त्याच चाळीतली. तिचं म्हणणं, पत्रे उडतात तेव्हा सगळ्यांचे उडतात, आणि अनुवादात परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी शेतात पेंढी सोडायला सांगितली आहे, तिथे परदेशी कुठल्या मंडळीचा हे विचारलेलं नाही. पेटीत पैसे मंडळीचे आहेत, असं दुसरी बाजू म्हणते. मे संपायच्या आत ठरवायचं आहे. तोवर अक्का त्या तीन घरांच्या छपरांवर जाऊन पत्र्यांचे हूक बघून येते.